सुईखालची चिंधी

समीक्षाने रत्नप्रभाबाईंचा डावा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि भिंतीकडच्या जुन्या शिलाई मशीनच्या पायडलवर अलगद ठेवला. मशीन म्हणायला नुसतं स्टँडच होतं. वरचं हेड कुणीतरी कधीच काढून नेलेलं, त्या जागी सनमायकाची फळी ठोकलेली, फळीवर रबरी चेंडू आणि वाळूच्या लहान लहान पिशव्या. खाली मात्र सगळं जागच्या जागी होतं, जाळीचं पायडल, मोठं चाक, दोघांना जोडणारा लोखंडी दांडा. यवतमाळच्या त्या व्यायाम-उपचाराच्या खोलीत पक्षाघाताचे पेशंट त्यावर पाय हलवायला शिकत. "चालवा काकू," समीक्षा म्हणाली, "घाबरायचं काही काम नाही, रिकामीच आहे." आणि सात आठवड्यांत जो पाय कुणाचं म्हणजे कुणाचंच ऐकत नव्हता, डॉक्टरांचं नाही, मारुतीरायाचं नाही, रत्नप्रभाबाईंचं स्वतःचं तर मुळीच नाही, तो पायडलचा गारवा तळव्याला लागताच टाचेकडून दबला. चाक बोटभर फिरलं, थोडं कुरकुरलं. समीक्षाने आनंदाने टाळी वाजवली. रत्नप्रभाबाईंनी उजव्या हाताने साडीचा घोळ धरला, त्या घोळासकट पाय उचलून खाली फरशीवर ठेवला आणि जड जिभेने म्हणाल्या, "नको."

दुसऱ्या दिवशीही नको, तिसऱ्या दिवशीही नको. बाकीचे सगळे व्यायाम त्या निमूट करत, दोरी ओढत, चेंडू दाबत, दोन बारांमधून पाय फरफटत नेत. पायडल समोर आलं की तोंड फिरवत. भैरवी रोज बँकेतून अर्धा तास सुटी काढून आईला रिक्षातून तिथे आणायची, तिचा जीव मेटाकुटीला आला. दिग्रसच्या घराला तीन पायऱ्या होत्या, कठडा नव्हता. दिवाळीपर्यंत त्या तीन पायऱ्या कुणाचा हात न धरता चढता आल्या तर आईने दिग्रसला राहावं, नाहीतर घराला कुलूप लावून कायमचं यवतमाळला यावं, असं मायलेकींचं ठरलं होतं. म्हणजे भैरवीने ठरवलं होतं आणि रत्नप्रभाबाईंनी ऐकून घेतलं होतं. लेकीचं घर चांगलं होतं, जावई गरीब स्वभावाचा होता, पण तिथल्या पाचव्या मजल्यावर सकाळी दार उघडलं की समोर दुसरं बंद दारच. रत्नप्रभाबाईंना आपलं अंगण हवं होतं, जिनिंग गिरणीच्या भोंग्यावर चहा ठेवायचा होता, कापसाच्या दिवसात दारावरच्या तारेला अडकलेली रुई काढायची होती. हे सगळं त्या पायावर लटकलेलं होतं आणि पाय ज्या एका गोष्टीला हलला तीच त्या करत नव्हत्या.

"आई, काहून नाही चालवत तू ते?" भैरवीने शेवटी चहाच्या वेळी विचारलंच. "समीक्षा म्हणते पहिल्याच दिवशी पाय हलला होता. दिग्रसला जायचं नाही का तुला?" रत्नप्रभाबाईंनी बिस्कीट बुडवून खाल्लं, तोंडाचा एक कोपरा पुसला, आणि मग सांगितलं, "रिकामी मशीन चालवू नये." भैरवीला खरं वाटेना. तिची आई शहाणी म्हणून साऱ्या आळीत प्रसिद्ध, मांजर आडवं गेलं तरी न थांबणारी. "घरात भांडण होते म्हणून ना?" भैरवी म्हणाली आणि हसली, मग हसता हसता थांबली. "तरीच! त्या टीव्हीखालच्या पायडलवरून मला मारलं होतंस तू, आठवते? मी चौथीत होते. कार्टून पाहता पाहता पाय हलवून राहिली होती, तू स्वयंपाकघरातून धावत आली आणि फाडकन ठेवून दिली. मला आजपर्यंत कळलं नव्हतं मी काय केलं होतं ते." रत्नप्रभाबाईंना ती थप्पड आठवत होती. पोरीच्या गालापेक्षा आपलाच हात जास्त पोळला होता हेही आठवत होतं, पण ते बोलायला जीभ चालली नाही, आणि ती चालली असती तरी त्या बोलल्या नसत्या.

भैरवीला ते स्टँड टीव्हीचं टेबल म्हणूनच माहीत होतं. तिच्या वडिलांनी, अनंतरावांनी, त्यावर शहाबादी फरशी बसवून घेतली होती, फरशीवर आधी पेटीसारखा टीव्ही, मग पातळ टीव्ही, आता वायफायचा डबा आणि औषधांची टोपली. त्याच्यावर एके काळी शिलाई मशीन होती आणि ती दोन बायका मिळून चालवत, हे ऐकलेली माणसं दिग्रसमध्येही आता फार उरली नसतील. एका मशीनवर दोघी. अनंतरावांची थोरली बहीण विमलताई, लहानपणीच्या तापात दोन्ही पायांतलं बळ गेलेली, घरात कुबड्यांवर फिरायची. तिच्या हातात मात्र जादू होती. कापड हातात घेतलं की ते कसं पडेल हे तिला आधी कळायचं. आणि लग्न होऊन आलेल्या रत्नाला सुईत दोरा घालता येत नव्हता, पण पाय घड्याळासारखा चालायचा. लांब बाकावर विमलताई सुईसमोर पाय दुमडून बसायची, रत्ना तिच्या उजवीकडे, डावा पाय लांब करून पायडलवर. विमलताई उजव्या हाताने चाकाला पहिला धक्का द्यायची, तो धक्का पडला की रत्नाने पाय लावायचा, मग विमलताईचे दोन्ही हात कापडावर. बोलायचं काम नसे. वळण आलं की विमलताईचा खांदा किंचित कलायचा, तो कलला की रत्नाचा पाय मंद होई. बाही बसवताना तर टाका टाका थांबत जायचं, दोघींचा श्वाससुद्धा एका तालात पडे. दहा वर्षं अशी गेली. रत्नप्रभाबाईंना आता वाटलं, संसार संसार म्हणतात तो आपण नवऱ्याबरोबर जितका केला त्याहून जास्त त्या बाकावर केला. असं वाटल्याची त्यांना या वयात थोडी लाज वाटली आणि बरंही वाटलं.

काम झालं की विमलताई सुईखाली एक चिंधी घालून मगच झाकण ठेवायची. कापड सरकवणारे खालचे दात वरच्या दाबपट्टीला घासून बोथट होतात, मशीनला खायला काहीतरी पाहिजे, असं म्हणायची. आणि लगेच वर, "अन् रिकामी चालवली की घरात भांडणं लागते, रत्ना." यातलं खरं कारण कुठलं आणि भीती घालायला सांगितलेलं कुठलं हे रत्नाने कधी विचारलं नाही. दसऱ्याला मशीनला हळदीकुंकू लागायचं, झेंडूचं फूल चाकाला, आणि त्या दिवशीची चिंधी खणाची असायची. गावात मात्र नाव झालं रत्नाचं. मापं घ्यायला, कपडा पोचवायला, बाजारात जायला तीच ना! 'रत्नाताईच्या हातची बाही' म्हणत बायका. पहिल्या वेळी तिने सांगितलं, हात माझे नाहीत. दुसऱ्या वेळी हसली. पुढे हसणंही बंद झालं, कौतुक आपलंच असल्यासारखं पदरात पडू लागलं. विमलताई आतल्या खोलीत बसून सगळं ऐकायची आणि काही म्हणायची नाही. खोटं असं हळूहळू अंगावर चढतं, दागिन्यासारखं मिरवलं जातं, आणि एक दिवस काढावं म्हटलं तर निघत नाही.

तो दिवस साधा होता. नगरपालिकेच्या महिला केंद्रात शिवणवर्ग निघणार होता, बाई म्हणून रत्नाला बोलावणं आलं होतं. साधी सरळ शिवण मारता न येणाऱ्या रत्नाने आनंदात हो म्हणून टाकलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा विमलताई काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, "अन् तिथं हात कोणाचे नेशील?" काही वाईट म्हणाली नव्हती. खरं तेच म्हणाली होती, आणि बहुतेक थट्टेनेच. पण रत्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुईखालची चिंधी तिने ओढून काढली, फेकली, पायडलवर पाय ठेवला आणि रिकामी मशीन भरधाव सोडली. खडखड खडखड साऱ्या घरात. त्या खडखडाटाच्या वर आवाज चढवून ती म्हणाली, "आणि तुम्ही कोणाच्या पायावर बसून हे बोलता, विमलताई?" मशीन थांबली. खोलीत दोन कुबड्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. विमलताईने काजाचा दोरा दातांनी तोडला, सुई उशीत टोचली, आणि त्या दिवसापासून दोघी एका बाकावर बसल्या नाहीत. महिन्याभरात विमलताईने झरीकडच्या एका आश्रमशाळेत मुलींचे कपडे शिवायचं काम धरलं. अनंतराव भूमी अभिलेखात होते, आयुष्यभर लोकांच्या वाटण्या मोजून देणारा माणूस. त्यांनी घरातही तेच केलं. हेड ताईला, स्टँड आपल्याला. बसस्टँडजवळच्या मशीन दुरुस्तीवाल्या अय्यूबने हेड सोडवलं, त्याला हाताने फिरवायचा दांडा बसवून दिला, आणि जीपमध्ये विमलताईच्या मांडीवर ठेवलं. रत्नाने गावाला सांगितलं, डोळे दुखतात, शिवण सोडली. अजूनही दिग्रसमध्ये एखादी म्हातारी हळहळते, रत्नाताई, तुमच्यासारखी बाही पुन्हा पाहिली नाही जी. छत्तीस वर्षं झाली या गोष्टीला.

भैरवीने यातलं काही ऐकलं नाही. ती कामाला लागली होती. रिकामी नको ना, मग भरलेली करू, असा तिचा सरळ हिशोब. तिने दिग्रसला फोन लावला आणि रविवारी अय्यूबमियाँ एसटीने हजर झाले, पांढरी दाढी, खांद्याला तीच कातडी पिशवी. समीक्षाच्या स्टँडवर एखादं जुनं हेड बसवून द्या एवढंच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी चहा घेतला, रत्नप्रभाबाईंच्या पायाकडे पाहिलं, आणि बशी खाली ठेवली. "हेड तं मिळन भाभी. माह्याकडे दहा पडले हायेत. आता कोन चालवते? कोनी हॉटेलात टेबल कराले नेते, कोनी मोटर लावून पोते शिवते. पन तुमचंच हेड जित्तं असून दुसरं काहून बसवू?"

"कुठं आहे ते?" भैरवीने विचारलं.

"झरीले. विमलबाईपाशी. मी दरसाल दसऱ्याच्या पह्यले जातो न तेल द्याले. अनंतभाऊ होते तवापासून. बाई पक्की हाय अजून. ऐंशीले टेकली, नोकरी कवाचीच सुटली, पन तिथंच खोली घेऊन राह्यते. पोरी म्हनतात शिलाईआजी."

रत्नप्रभाबाईंना विमलताई जिवंत आहे हे माहीत होतं. अनंतराव गेले तेव्हा दहाव्याला ती आली होती, दोन तास बसली होती, मधे माणसं होती. पाणी हवं का, हो, एवढंच. त्यांनी विचारलं, "काय शिवतात आता?" विचारताना त्यांच्या डोळ्यासमोर ट्रंकेतले उशीचे अभ्रे होते. अनंतराव दर भाऊबीजेला झरीला जायचे आणि येताना बहिणीने दिलेला एक अभ्रा आणायचे. पांढरा, चार सरळ शिवणी, ना झालर ना नक्षी. ज्या हातांनी झालरीची झबली आणि कमळाच्या पाकळ्यांचे गळे शिवले ते हात भावजयीला उशीचा अभ्रा पाठवतात! रत्नप्रभाबाईंनी त्याचा एकच अर्थ लावला होता: तुझी लायकी एवढीच. त्यांनी एकही अभ्रा कधी उशीला घातला नाही. चोवीस-पंचवीस जमले होते, डांबराच्या गोळ्यांत घड्या घालून.

"काय शिवन?" अय्यूबमियाँ म्हणाले. "अभ्रे, परकर, पिशव्या. शीधं शीधं. दुसरं कसं जमन भाभी? एक हात दांड्यावर गोल फिरवाले लागते. कपड्यावर मंग एकच हात उरते. एका हातानं गळा वळते का? बाही बसते का? मी त्या वक्ती दांडा बसवला तवाच सांगितलतं बाईले, हे हातमशीन हाय, फॅन्सी काम बंद होईल. तं म्हने, होऊ दे अय्यूब, शीधी शिवन तं येईल ना. तेवढीच देईन."

रत्नप्रभाबाईंनी आयुष्यात कधी कापड पुढे सरकवलं नव्हतं, म्हणून त्याला किती हात लागतात हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. छत्तीस वर्षांत एकदाही नाही. विमलताई निघून गेली ती आपले पाय मागे सोडून गेली एवढं त्या धरून बसल्या होत्या. जाताना तिचा एक हातही गेला होता हे आता एक मेकॅनिक चहा पिता पिता सांगत होता. आणि उरलेल्या एका हाताने जे येत होतं ते, जेवढं येत होतं तेवढं, ती दरवर्षी पाठवत राहिली होती. रत्नप्रभाबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आजारानंतर त्यांना उगाचही रडू येई, डॉक्टरांनी तसं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे भैरवी फारशी घाबरली नाही. "आई, काय झालं?" तिने पदराने त्यांचे डोळे पुसले. "झरीला जायचं," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "स्टँड घेऊन."

भैरवीने आधी वेड्यात काढलं, मग चिडली, मग समीक्षाला फोन करून विचारलं, मग तयार झाली. अय्यूबमियाँच्या मुलाने, जमीरने, दिग्रसहून त्याच्या पिकअपमध्ये स्टँड आणलं. वायफायचा डबा आणि औषधांची टोपली भैरवीच्या घरी आली, फरशी अंगणात उभी राहिली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी निघाले. पांढरकवड्यापुढे रस्ता अरुंद झाला, दोन्ही बाजूंना कापूस फुटायला लागला होता, मग सागाचं रान लागलं. रत्नप्रभाबाईंच्या मांडीवर कापडाच्या पिशवीत ते सगळे अभ्रे होते. कशाला घेतले हे त्यांना सांगता आलं नसतं. माफी कशी मागायची याची त्या घोकंपट्टी करत होत्या, मोजकेच शब्द, जड जिभेला पेलतील असे. विमलताई, त्या दिवशी मी बोलले ते. इथपर्यंत वाक्य यायचं आणि पुढे जायचं नाही. बोलले ते काय? चुकले? तेवढ्याने भागणार होतं का? त्यांच्या गाडीपुढे पिकअप धूळ उडवत होती आणि धुळीत ते स्टँड दोरांनी बांधलेलं, चारी पाय वर करून चाललं होतं.

खोली लहान होती, शेणाने सारवलेली, पुढे पडवी. विमलताई पडवीतल्या खाटेवर बसली होती. केस पांढरेशुभ्र, हात मात्र तसेच, लांब, कोरडे, नखं बारीक कापलेली. भैरवीने आईला धरून खाली उतरवलं आणि डाव्या हातात कुबडी दिली. एक पाय ओढत ओढत येणारी भावजय विमलताईने पाहिली, अगदी नीट पाहिली. रत्नप्रभाबाईंना वाटलं, आता बोलेल. बोलायला तिला जागा होती, हक्क होता. पण ती फक्त म्हणाली, "कुबडी डाव्या हातात नको धरू, रत्ना. उजव्या हातात धर. वजन चांगल्या अंगावर घ्यावं लागते." आणि बाजूला सरकून तिने खाटेवर जागा केली.

अय्यूबमियाँनी आतून हेड आणलं. काळा रंग उडालेला, सोनेरी नक्षीतली फक्त दोन पानं उरलेली. त्यांनी दांडा काढला, हेड स्टँडवर बसवलं, नवा पट्टा चढवला, तेलाचे थेंब सोडले. कुठेही ठोकठाक करावी लागली नाही, भोकाला भोक बसलं. सुईखाली निळ्या गणवेशाच्या कापडाची एक घडी केलेली चिंधी होती. ती रत्नप्रभाबाईंनी पाहिली आणि घोकलेलं वाक्य त्यांच्या तोंडून अर्धंमुर्धं बाहेर आलंच. "विमलताई, त्या दिवशी मी... तुमच्या पायाचं..."

"थांब," विमलताई म्हणाली. "आधी कापड घालू दे. रिकामं काही बोलायचं नाही इथं." तिने खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली. त्यातून एक कातरलेली चोळी काढली, जांभळी, एका बाजूला बाही टाचून ठेवलेली. आश्रमशाळेतल्या एका पोरीचं लग्न होतं दिवाळीनंतर, तिने हट्टाने शिलाईआजीकडे कापड दिलं होतं, आणि आजीने ते तीन महिने तसंच ठेवलं होतं, नाही म्हणणं जिवावर आलं म्हणून. भैरवी आणि जमीरने दोघींना पडवीतल्या लांब बाकावर बसवलं. विमलताई सुईसमोर, पाय दुमडून. रत्नप्रभाबाई तिच्या उजवीकडे. भैरवीने वाकून डावा पाय पायडलवर ठेवून दिला आणि मागे सरकली.

विमलताईने चिंधी काढली, तिच्या जागी बाहीची कड सरकवली. उजव्या हाताने चाकाला धक्का दिला. पायडल एकदा खालीवर झालं आणि थांबलं, पाय नुसता त्याच्यावर पडून होता. पुन्हा धक्का. पुन्हा थांबलं. रत्नप्रभाबाईंच्या कपाळाला घाम आला. त्यांना त्या तीन पायऱ्या आठवल्या नाहीत, दिवाळी आठवली नाही. त्यांना एवढंच कळत होतं की शेजारी एक हात चाकावर अडकून पडला आहे, आणि आपला पाय चालेपर्यंत तो तिथून सुटणार नाही. तिसऱ्या धक्क्याला त्यांनी विमलताईच्या खांद्याकडे पाहिलं. खांदा किंचित पुढे झाला. आणि टाच दबली, मग चवडा, मग पुन्हा टाच.

"आई, पाय!" भैरवी ओरडली.

विमलताईचा उजवा हात चाकावरून सुटला आणि कापडावर आला. दोन्ही हातांत जांभळी बाही फिरू लागली, टाका टाका, वळणाकडे. तेवढ्यात रत्नप्रभाबाईंचा पाय अडखळला, चाक मागे फिरलं, खट्कन दोरा तुटला. त्यांनी चोरासारखं शेजारी पाहिलं. विमलताईचे डोळे भरून आले होते, पण आवाज जुनाच होता, नव्या सुनेला मशीन शिकवतानाचा.

"उलटी गेली," ती म्हणाली, आणि डोळे बारीक करून दोरा पुन्हा सुईत ओवायला लागली. "पाय तिथंच राहू दे. काढू नको."